घराभोवतीची बिळं आणि साप : गावच्या घरात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

वर्षानुवर्षं कुलूप असलेलं गावचं घर उघडून तिथे कायमचं राहायला येणारी मंडळी आता कोकणात गावोगाव दिसतात. कुणी निवृत्त झालेलं, कुणी घरून काम करणारं. आम्हीही असेच मुंबईहून सिंधुदुर्गात आलो. छप्पर, वीज, विहिरीचा पंप यांची तयारी सगळेच करतात. परसातल्या बिळांचं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि पहिलं लांबडं दिसलं की जो तो वेगळा सल्ला देतो. रॉकेल ओता, मिरचीचा धूर करा, सिमेंट ओतून मोकळे व्हा. यातले बहुतेक सल्ले धोक्याचे आहेत. म्हणून काय करावं आणि कोणत्या क्रमाने करावं ते इथे लिहितो आहे. जांभ्याचं घर, गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) आणि माडाची बाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण घाटावरच्या शेतघरालाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. बीळ कुणाचं आहे हे ठरवल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि उंदरांचा बंदोबस्त केल्याशिवाय ते बुजवायला जाऊ नका.

साप बिळात का शिरतो

आपल्या परसात दिसणारे बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण शब्दशः खरी आहे. घूस, उंदीर, खेकडा खणतो, वाळवी वारूळ उभारते आणि ती जागा ओस पडली, किंवा आतला उंदीरच साप गिळून बसला, की साप तिथे राहतो. सापाला स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात कातळ तापतो तेव्हा बिळात गारवा असतो, थंडीत ऊब असते, आणि कात टाकायच्या आधी लागणारा ओलावाही तिथेच मिळतो. काही साप बिळातच अंडी घालतात. एक बीळ कायमचं धरून बसणारे साप थोडे. आज इथे, चार दिवसांनी गडग्यात, असं त्यांचं चालतं.

मातीतच राहणारे साप वेगळे. मांडूळ आणि डुरक्या घोणस भुसभुशीत मातीत स्वतःला पुरून घेतात. वाळा तर गांडुळाएवढा असतो, कुंडीतल्या मातीत सापडतो, आणि मुंग्या-वाळवीची अंडी खातो. ओलसर बागेत खणताना खापरखवल्याही निघतो. हे सगळे बिनविषारी. कुदळीखाली आले तर फावड्यावर घेऊन बाजूला सोडा.

जवळ काय हवं

- गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड हातमोजे
- चांगला झोत असलेली बॅटरी (मोबाइलचा उजेड पुरत नाही)
- लांब दांड्याचं दंताळं
- पांढरी रांगोळी, दोन-तीन किलो
- बिळांवर खूण करायला काठ्या
- खडी, वाळू, सिमेंट
- पाव इंच भोकांची लोखंडी जाळी. त्याहून मोठ्या भोकांतून सापाची पिल्लं आरामात जातात.
- उंदराचे पिंजरे
- वनविभागाचा निःशुल्क क्रमांक १९२६, रुग्णवाहिकेचा १०८, आणि तालुक्यातल्या नोंदणी असलेल्या सर्पमित्राचा क्रमांक. तो वनपाल किंवा वनरक्षकाकडून आधीच घेऊन ठेवा, साप दिसल्यावर शोधत बसू नका.

१. दिवसाउजेडी फेरी मारा

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर घराभोवती हळूहळू फिरा. बघायच्या जागा ठरलेल्या असतात. जोत्याची कड, पायऱ्यांखालचा पोकळ भाग, न्हाणीच्या सांडपाण्याची वाट, गडग्याचा पायथा, माडाची आळी, शेणखताची गायरी, पेंढ्याची उडवी, जळाऊ लाकडांची रास, सोडणांचा (नारळाच्या सोललेल्या सालींचा) ढीग, आणि मांगर (बागेतली खोपी) असेल तर त्याचे चारही कोपरे. पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, आधी दंताळ्याने ओढून घ्या आणि मगच तिथे पाय टाका. वाकून बिळात डोकावू नका, बोट तर नकोच. दिसेल त्या प्रत्येक बिळाशेजारी काठी रोवा आणि वहीत आकडा घाला. ही वही पुढे उपयोगी पडते, कारण बिळं एकमेकांना आतून जोडलेली असतात आणि कुठलं कधी बंद केलं हे डोक्यात राहत नाही.

२. बीळ कुणाचं ते ओळखा

घुशीचं बीळ चुकणं कठीण. मूठ सहज जाईल एवढं तोंड, बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग, आणि जोत्याच्या किंवा गटाराच्या आधाराने दोन-तीन तोंडं. शेतातली लहान घूस पुष्कळदा तोंड आतून सैल मातीने बंद करून घेते, त्यामुळे ताजी माती दिसते पण भोक दिसत नाही. साध्या उंदराचं बीळ दोन-तीन बोटांचं, आणि त्याच्याकडे जाणारी मळलेली बारीक वाट असते. खेकड्याच्या बिळाभोवती चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतात आणि पाणी जवळ असतं. चपटं, अर्धचंद्रासारखं तोंड दिसलं तर विंचू समजा. तोंडाला आतून रेशमी अस्तर असेल तर मोठा कोळी.

सापाचं म्हणून वेगळं बीळ नसतं, हे मनात पक्कं धरा. पण साप ये-जा करत असलेल्या बिळाची काही लक्षणं सांगता येतात. ताजी उकरलेली माती नाही, तोंडाची कड गुळगुळीत, कोळ्याचं जाळं नाही आणि जवळपास कुठेतरी कात. कात हातात घ्यायला हरकत नाही, तिच्यात विष नसतं. ती ताणली जाते, म्हणून सापाची लांबी तिच्यावरून मोजू नका. एक गोष्ट मात्र कातीवरून नक्की बघा. पाठीच्या मधोमध बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग असेल तर मण्याराची शंका घ्या. कातीचा फोटो सर्पमित्राला पाठवला तर तो बहुतेक वेळा नाव सांगू शकतो. कात एवढंच सांगते की साप इथे येऊन गेला. तो आत्ता आत आहे की नाही ते तिच्यावरून कळत नाही.

३. रांगोळी टाकून पाहा

ही चाचणी स्वस्त आहे आणि मला सगळ्यात विश्वासाची वाटते. तांबड्या मातीवर पांढरी रांगोळी उठून दिसते.

दिवस मावळायच्या आधी बिळासमोरची जागा दंताळ्याने साफ करा. तोंडापासून हातभर अंतरावर रांगोळीचा वीतभर रुंद पट्टा अर्धगोलात पसरा. हे करताना बिळाच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. तोंडात सुक्या पानांचा सैल बोळा लांब काठीने ठेवा. सकाळी बोळा ढकललेला आहे का आणि पट्ट्यात काय उमटलंय ते बघा.

उंदराच्या पावलांचे ठसे आणि मधून शेपटीची बारीक रेघ दिसते. धामण किंवा नाग गेला असेल तर नागमोडी सलग पट्टा पुसला जातो. घोणस जड आणि सावकाश, तिची वाट बरेचदा सरळ आणि रुंद. फुरसं आडवं सरकतं, त्यामुळे तिरक्या, एकमेकांपासून सुट्या रेघा उमटतात. पट्टा कोरा राहिला म्हणून बीळ रिकामं ठरत नाही. पोटभर खाल्लेला साप कित्येक दिवस बाहेर पडत नाही, थंडीत तर अजिबात घाई करत नाही. निदान आठ-दहा रात्री सलग कोऱ्या गेल्याशिवाय बीळ रिकामं मानू नका. पाऊस असेल तेव्हा ही चाचणी निरुपयोगी आहे.

४. आत साप आहे असं वाटलं तर

पहिला प्रश्न स्वतःला विचारा. हे बीळ घरापासून किती लांब आहे? परसाच्या टोकाला गडग्यात धामण राहत असेल तर राहू द्या. तिच्याइतके उंदीर तुमचा एकही पिंजरा पकडणार नाही. ती लांबलचक असते, वेगाने पळते, घाबरवते, पण बिनविषारी आहे. नानेटी, तस्कर, कुकरी यांचंही तेच. जोत्याच्या, पायरीच्या, न्हाणीच्या किंवा मुलांच्या खेळायच्या जागेजवळच्या बिळात साप दिसला तर मात्र सर्पमित्राला बोलवा. तो येईपर्यंत दोन-तीन माणसांच्या लांबीएवढं अंतर ठेवून एकाने नजर ठेवायची, बाकीच्यांनी आणि कुत्र्याने लांब राहायचं. बीळ बंद करायचं नाही. सापाने दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून कुठे जायचं ते तुम्हाला ठरवता येत नाही, आणि ते तोंड स्वयंपाकघराच्या लादीखाली असू शकतं.

ज्यांच्यापासून खरोखर जपायचं ते चार. नाग उंदराच्या बिळात आणि वारुळात राहतो. मण्यार दिवसा बिळात, चिऱ्यांच्या फटीत, विटांच्या राशीत असतो आणि रात्री फिरतो, घरातही येतो. घोणस पातेऱ्यात, झुडपाच्या बुंध्याशी, ढिगाखाली पडून असते. पळण्याऐवजी ती जागेवर वेटोळं घालून कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. फुरसं लहान, दगडाखाली आणि गडग्याच्या सांदीत बसतं आणि अंग घासून खरखर आवाज करतं. कोकणातल्या कातळावर ते पुष्कळ आहे. गडग्याचा दगड हलवताना बोटं खाली घालू नका, ते याच्यासाठीच.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात नवखा माणूस हमखास फसतो. मण्यारावरचे पांढरे पट्टे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात, बरेचदा जोडीने असतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. हे वाचून ओळखायला जाऊ मात्र नका. अंतर दोघांपासून सारखंच ठेवायचं.

साप मारणं किंवा पकडून ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. मांडुळाबद्दल कुणी पैशांची भाषा करत आलं तर त्याला दारात उभं करू नका आणि वनविभागाला कळवा. सर्पमित्राला पकडलेला साप लांब तालुक्याबाहेर सोडायला सांगू नका. अनोळखी मुलखात सापाला ना बीळ माहीत असतं ना भक्ष्य. जवळच्याच योग्य जागी सोडणं हेच बरोबर.

५. हे करू नका

रॉकेल, फिनेल, कार्बोलिक ॲसिड ओतणं. साप मरेलच असं नाही, मात्र चिडून तुमच्याच पायाशी बाहेर येऊ शकतो. वर विहिरीचं पाणी नासतं. लसूण, डांबरगोळ्या, गंधक, मीठ यांनी साप येत नाही असा भरवसा धरू नका. गारुड्याला बोलावून बिळातून साप काढून घेणंही नको. गरम पाणी आणि आग तर क्रूरच, आणि पेंढा-लाकडांच्या शेजारी आग म्हणजे घरावर संकट. बिळाशी दूध ठेवू नका. साप दूध पीत नाही, आणि ज्याच्यासाठी ठेवता त्याच्याऐवजी उंदीर आणि मुंग्या येतात.

उंदरांना विष घालण्याबद्दल माझं मत ठाम आहे. घराच्या आवारात नको. विष खाल्लेला उंदीर बिळात मरतो, नाहीतर घुबड, मुंगूस, मांजर त्याला खातं. तुमच्या बाजूने काम करणारे प्राणी तुम्हीच कमी करता.

६. आधी उंदरांचं खाणं बंद करा

सगळ्या कामात हेच सगळ्यात जास्त फळ देतं, आणि हेच लोक टाळतात, कारण ते रोजचं आहे. भात, तांदूळ, सुक्या खोबऱ्याची पोती झाकणाच्या पिंपात हवीत. कोंबड्यांना टाकलेले दाणे संध्याकाळी उरले तर झाडून घ्या. झाडाखाली पडलेले आंबे, फणसाचे गरे, काजूची बोंडं रोज उचला. खरकटं पाणी परसात उघड्यावर सोडू नका. तिथे बेडूक जमतात आणि बेडकांमागे दिवड, नानेटी येतात. पिंजरे भिंतीच्या कडेने लावा, कारण उंदीर भिंत धरून चालतो. महिनाभर हे नीट केलंत तर वहीतली निम्मी बिळं कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेली दिसू लागतील.

७. आता बुजवा

योग्य काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. नागीण उन्हाळ्यात बिळात किंवा वारुळात साधारण १२ ते ३० अंडी घालते आणि अंडी फुटेपर्यंत बहुधा तिथेच थांबते. त्या काळात खणणं म्हणजे तिच्या तोंडासमोर कुदळ मारणं.

एका वेळी सगळी तोंडं बंद करू नका. जोडलेल्या बिळांपैकी एक सोडून बाकीची सैल मातीने लोटून द्या आणि उघड्या तोंडावर पुन्हा रांगोळी टाका. आत काही असेल तर त्याच वाटेने बाहेर पडतं. तिथेही रात्री कोऱ्या गेल्या की भर दुपारी, गमबूट घालून, शेवटचं तोंड बंद करा.

बागेतल्या बिळात दगडगोटे आणि माती चोपून भरली, वर पाणी मारलं की पुरे. जोत्याजवळ मात्र तेवढ्यावर भागत नाही. खडी ठासा, वर जाळी बसवा, मग सिमेंट-वाळूने बंद करा. चिऱ्यांमधल्या दरजा त्याच वेळी भरून घ्या, कारण जांभ्याच्या जुन्या भिंतीतली मोकळी दरज मण्याराला बिळाइतकीच चालते. फुटक्या काचा भरायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडा. घूस बाजूने नवीन वाट काढते आणि पुढच्या वर्षी आळी करताना काच तुमच्या हातात घुसते.

न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या मोरीला जाळी लावा. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. सापाच्या पिल्लाला पेन्सिलएवढी जागाही पुरते.

८. घर आणि गडगा यांच्यात मोकळी पट्टी ठेवा

गडगा पाडून टाकायचा विचार मनात येईल. पाडू नका. साप, सरडे, मुंगूस त्यात राहिले तर घरात यायची त्यांना गरज नाही. गडगा आणि घर यांच्या मध्ये निदान चार-पाच हात रुंद, झाडलेली, उजेडातली जमीन असावी. साप अशी उघडी जागा टाळतो, आणि आला तरी दिसतो. लाकडं घराला टेकवून रचू नका, जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर ठेवा. सोडणं आणि झावळ्या परसाच्या टोकाला. भिंतीवर चढलेली वेल खिडकीपर्यंत पोचू देऊ नका.

९. पावसाळ्यासाठी वेगळी तयारी

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की बिळांत पाणी भरतं आणि आतले सगळे कोरडी जागा शोधत पडवीपर्यंत येतात. याच दिवसांत नागाची अंडी फुटतात, घोणशीची पिल्लं जन्मतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायची नाही ही आपली रीत. परसापुरती ती पावसाळाभर पाळली तर उत्तम.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं करताना पडवी रिकामी करा. बूट, गमबूट उलटे करून झटकून घाला. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवीच, अंगणातल्या न्हाणीपर्यंत जायचं असलं तरी. आणि जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावतो, दंश पुष्कळदा दुखतही नाही. खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. एवढ्या साध्या गोष्टीने मण्यारापासून फार मोठं संरक्षण मिळतं.

१०. दंश झालाच तर

जखम कापू नका, चोखू नका, वर दोरी आवळू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण सूज येते. हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. देवऋषी, मांत्रिक, झाडपाला यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. साप मारून सोबत नेऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार लक्षणांवरून होतात. आपल्याकडे दिलं जाणारं प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालतं.

पहाटे कुणाच्या पोटात विनाकारण मुरडा येतोय, पापण्या जड होताहेत, बोलणं अडखळतंय आणि दंशाची खूण कुठे सापडत नाही, तरी मण्याराची शंका घेऊन दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, कृत्रिम श्वासाची सोय कुठल्या रुग्णालयात आहे, हे विचारून घ्या. उत्तरं आणि फोन क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवा. रुग्णालयात गेल्यावर माणूस बरा दिसू लागला तरी डॉक्टर चोवीस तास थांबायला सांगतील. थांबा, लवकर सोडा म्हणून मागे लागू नका.